देवाने कुणाला विचारलं

रविवार, ४ मे १९७५
बदनापूर

शाळेच्या जुन्या हजेरीवहीची मागची पानं कोरी निघाली, त्यांवर लिहितो आहे. वही माझ्या पेटीत, कुलपात राहील. कुणी वाचायची न्हाई.

कारण असं, की काल जालन्याला गेल्तो. मिशनच्या कमिटीचे अण्णासाहेब म्हणाले, "कडूबा मास्तर, सतरा वर्षं तुम्ही बदनापूरच्या मंडळीचे उपदेशक. आता पाळक व्हा की! पंचवीस तारखेला त्रैक्य रविवार हाये. आम्ही तिघं येतो. तुमचा उपदेश ऐकतो. बराबर झाला, की पावसाळ्याच्या आत दीक्षा. रोज थोडं लिहून काढत जा, म्हंजे ऐन वेळी गडबड न्हाई."

विषयही त्यांनीच दिला. बायबलातल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय. देव म्हणतो, आपण माणूस करू या, आपल्यासारखा. आता देव तर एकच, मग हा 'आपण' कोण? सोपं आहे. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा, हेच त्रैक्य. आमच्या रविवारच्या शाळेतलं शेंबडं पोरगं सांगेल. मला वाटलं होतं काहीतरी अवघड देतील.

निघताना अण्णासाहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या मुलासाठी, धर्मराजसाठी, माझ्या सत्यशीलाला मागणी घातली. धर्मराज मंठ्याला तहसिलीत कारकून आहे. निर्व्यसनी, पगार पक्का. "घरचा पाळक, घरची सून," म्हणाले. मी तिथल्या तिथं हो म्हणून आलो. असं स्थळ दारात चालत येतं का? ३० तारीख धरली.

घरी येऊन सांगितलं. सत्यशीलाची आई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. सत्यशीला घागर घेऊन पाण्याला गेली. रांजण काठोकाठ भरलेला होता, तरी गेली. आनंदात माणसाला भान राहत न्हाई.

मंगळवार, ६ मे

उपदेशाला एक झकास युक्ती सुचली. आमच्या स्टेशनचे मास्तर रहमीम झिराडकर हे इस्राएली आहेत. अलिबागकडचे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे, पण धर्माने यहुदी. पहिला अध्याय मुळात त्यांच्या पूर्वजांचा. त्यांनाच विचारायचं, "साहेब, तुमच्या भाषेत तिथं एकाहून जास्त आहेत की न्हाई?" ते हो म्हणतील. म्हणावंच लागेल, लिहिलेलं आहे! मंग पंचवीस तारखेला चर्चच्या पुलपिटावरून सांगायचं, ज्यांचं पुस्तक त्यांचीच कबुली. अण्णासाहेब खूश.

गुरुवार, ८ मे

चारची पॅसेंजर गेल्यावर स्टेशनात गेलो. झिराडकर साहेब टोपी काढून टेबलापाशी बसले होते. बाजूला तारेचं यंत्र आपलंआपलं कट्ट-कट्टकट्ट करत होतं. ते अर्धा कान तिकडे ठेवूनच बोलतात.

मी प्रश्न टाकला. म्हणाले, "आहे की. अनेकवचनच आहे."

मी मनात म्हटलं, सापडले!

"पण राजा असाच बोलतो ना मास्तर? तुम्ही तर निजामाच्या राज्यात वाढलेले. फर्मान निघायचं तेव्हा निजाम 'मी' म्हणायचा?"

मी म्हटलं, "म्हंजे नुसता मान? तेवढंच?"

"असं काही जण म्हणतात. काही जण म्हणतात, छे! देवाला असली ऐट कशाला हवी? मान-बिन काही नाही."

"मंग काय?"

"मग काही जण म्हणतात, माती आणि आकाश दोघांना हाक मारली. अंग मातीतून घेतलं, प्राण वरून घेतला. दोघांचा वाटा, म्हणून दोघांना बोलावलं."

"पण खरं कोणतं?"

"सगळी आमच्या वाडवडिलांनीच सांगितलेली आहेत," असं म्हणून ते चहा ओतायला लागले.

आता बोला! आमचा देव तीन, तरी उत्तर एक. यांचा देव एक, आणि उत्तरं ढीगभर. डोकं भणभणलं. कबुली तर राहिलीच, उलट मीच दोन कप चहा पिऊन आलो.

शनिवार, १० मे

शनिवारी झिराडकर साहेबांच्या घरी विस्तव पेटवत न्हाईत. त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. रेल्वे काही शब्बाथ पाळत न्हाई, म्हणून साहेब ड्यूटी करतात, पण घरात काडी ओढत न्हाईत. त्यामुळे सत्यशीला दर शनिवारी सकाळी त्यांच्या क्वार्टरवर जाते आणि स्टोव्ह पेटवून देते. गंमत अशी, की साहेबांच्या बायकोने, मिलकाबाईंनी, तिला तसं सांगायचंही नसतं. सांगितलं तर ते त्यांनी केल्यासारखंच होतं म्हणे. पोर आपल्या मनाने जाते, आपल्या मनाने पेटवते.

येते मात्र दोन-दोन तासांनी. विचारलं तर म्हणते, स्टेशनात बसले होते. आणि एक खोड लागली आहे तिला. जेवताना ताटाच्या काठावर बोट वाजवत राहते. आज रागावलो. "अन्नापुढं काय कट्टकट्ट करून राह्यली?" तर थांबली आणि मंग जेवलीच न्हाई.

दुपारी भुजंग पोस्टमनने तिच्या नावाचा सरकारी लखोटा आणून दिला. खाकी, वर शिक्का. तारखात्याचा असावा. जानेवारीत औरंगाबादला जाऊन ती त्या खात्याची परीक्षा देऊन आल्ती. फॉर्म झिराडकर साहेबांनीच आणून दिला होता. मी तेव्हा म्हटलं, दे, अनुभव येतो. आता लग्न ठरल्यावर त्याचं काय काम? पण फाडून टाकणंही बरं दिसत न्हाई. माझ्या शास्त्रात पहिल्या अध्यायापाशी खुणेला ठेवून दिला. जाड कागद आहे, पान पटकन सापडतं.

रविवार, ११ मे

आज पहिला पुकार. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं मंडळीपुढं वाचतात आणि विचारतात, की या लग्नाला कुणाची काही हरकत असेल तर उभं राहून सांगा. सतरा वर्षांत मी कैक पुकार वाचले. आज स्वतःच्या लेकीचं नाव वाचताना आवाज जरासा कापला, खोटं कशाला बोलू.

कुणी उठलं न्हाई. कोण उठणार! सत्यशीला तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. लाजली पोर.

सोमवार, १२ मे

माती आणि आकाश. कुठून काढतात हे लोक?

बुधवार, १४ मे

पुन्हा गेलो. या वेळी तयारीने गेल्तो. साहेबांनी काही बोलायच्या आत पुस्तक उघडलं. (लखोटा खिशात घातला, त्यांच्यापुढं नको.)

म्हणाले, "आज तिसरं ऐका. देव देवदूतांशी बोलत होता."

मी टेबलावर हात आपटला. "हे बिलकुल चालणार न्हाई साहेब! पुढं लिहिलंय, आपल्यासारखा करू. मंग माणूस काय देवदूतासारखा झाला? दुसऱ्याच ओळीत म्हटलंय देवासारखा!"

साहेब इतके खूश झाले, की उठून उभे राहिले. "वा मास्तर! हाच प्रश्न आमच्यातल्या जुन्या लोकांनी विचारलाय."

"मंग उत्तर काय दिलं?"

"चार-पाच दिली."

देवा रे!

मंग ते पुढं बोलले. "आता तुम्ही ती दुसरी ओळ काढलीच आहे, तर नीट बघा. वरती 'करू या' म्हणतो. खाली 'त्याने केलं'. एकट्याने. बोलताना बरेच, करताना एक. आमचं सगळं त्या दुसऱ्या ओळीवर उभं आहे. तुमचं पहिलीवर. ओळी दोन्ही त्याच्याच."

"असं घोटाळ्याचं लिहिलंच कशाला म्हणतो मी देवाने?"

"हे लिहून घेणाऱ्या मोशेनेही विचारलं म्हणतात. लिहिता लिहिता हात थांबला त्याचा. म्हणाला, हे असं लिहिलं तर लोक भलतंच समजतील. देव म्हणाला, तू लिही. ज्याला चुकायचंय तो चुकेल."

मी म्हटलं, "म्हंजे आम्ही चुकलो असं म्हणून राह्यलेत का तुम्ही?"

ते एकदम गंभीर झाले. "मास्तर, या स्टेशनाभोवतीच्या तीस मैलांत यहुदी म्हणजे मी आणि मिलका. तुम्ही चुकलात की मी, हे ठरवायला मला घाई नाही."

माणूस चांगला आहे. राग धरता येत न्हाई, हीच तर पंचाईत.

रविवार, १८ मे

दुसरा पुकार झाला. कुणी उठलं न्हाई.

दुपारी सत्यशीलाने विचारलं, "बाबा, माझं काही पत्र आल्तं का?"

मी तेव्हा उपदेशाच्या तंद्रीत होतो. म्हणालो, "सरकारी कामं ती, येईल सावकाश."

हे खोटं झालं का? 'न्हाई' असं तर मी म्हणालो न्हाई. येईल म्हणालो. आलेलं पत्रही एका अर्थी यायचंच असतं, जोवर हातात दिलं न्हाई तोवर. हे वाचून बघितलं तर मलाच पटत न्हाई. पण खोडत न्हाई.

सत्यशीलाची आई आज माझ्याशी बोलली न्हाई. तशी ती नेहमीच कमी बोलते.

मंगळवार, २० मे

अण्णासाहेब साडी घेऊन आल्ते. जांभळी, जरीची. सत्यशीलाने चहा दिला आणि उभ्याउभ्या त्यांना विचारलं, "मंठ्याला तार ऑफिस हाये का?" अण्णासाहेब हसले. "हाये ना, पोस्टातच हाये. पण तुला कशाला लागतं बाई? तुझ्या बाबाला तार करायची असली तर धर्मराज करेल." मला बरं वाटलं. पोर आतापासून सासरच्या गावाची चौकशी करून राह्यली.

उपदेशाचा निम्मा भाग लिहून झाला. या भागावर माझा खरा जीव आहे. मी सहा वर्षांचा असताना आई-बाप पटकीत गेले आणि मिशनच्या बोर्डिंगात आलो. रात्री सगळी पोरं आपापल्या आईचं नाव घेऊन रडायची. मला नाव घ्यायला कुणी न्हवतं. तेव्हा आमचे बोर्डिंगचे मास्तर म्हणाले होते, "कडूबा, देवबाप कधीच एकटा न्हवता. जग न्हवतं, तारे न्हवते, तेव्हाही पुत्र त्याच्यासोबत होता. त्याच्या घरात पहिल्यापासून माणसं हायेत. तू त्या घरातला." त्या रात्री मी झोपलो. झिराडकर साहेबांकडे ढीगभर उत्तरं असतील, पण हे मला त्यातल्या एकातही सापडत न्हाई. हे मी सोडणार न्हाई.

पण मंग त्या दुसऱ्या ओळीचं काय करायचं? एकट्याने केलं, असं का लिहिलं? डोकं चालत न्हाई.

शुक्रवार, २३ मे

संध्याकाळी साहेबांनी घरी बोलावलं. त्यांचा शब्बाथ सूर्य बुडताना लागतो. मिलकाबाईंनी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून रस काढून ठेवला होता. त्यावर साहेबांनी त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली आणि मलाही पेला दिला. दोन्ही मुलं इस्राएलला गेलेली, घरात दोघंच. भिंतीवर फोटो.

मी म्हटलं, "साहेब, परवा उपदेश हाये. एक काय ते सांगा आता. तुम्हाला स्वतःला कोणतं उत्तर आवडतं?"

त्यांनी पेला हातात फिरवला. मंग म्हणाले, "देवदूतांचंच. तुम्हाला चालत नाही ते. पण त्यात पुढे एक आहे. देवाला कुणाला विचारायची गरज होती का? नव्हती. ते त्याच्या हाताखालचे. त्यांनी नको म्हटलं असतं, तरी त्याने केलंच असतं. तरी विचारलं. का? तर पुढे या माणसाच्या पोटी लहान-मोठे जन्मतील, आणि मोठा म्हणेल, मी लहानाला कशाला विचारू? तेव्हा त्याला सांगता यावं, बाबा रे, ज्याने तुला केलं त्यानेही आधी विचारलं होतं. लोक घोटाळा करतील हे ठाऊक असूनही ती ओळ ठेवली. इतकी ती महत्त्वाची."

मी म्हटलं, "छान हाये. पण याने त्रैक्य सिद्ध होत न्हाई."

"नाही होत," साहेब म्हणाले. मंग रस पिऊन पेला ठेवला. "सत्यशीलाला विचारलंत का मास्तर?"

"काय?"

"लग्नाचं."

मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय? पोरगं सोन्यासारखं हाये."

 मिलकाबाई उठून आत गेल्या.

घरी येताना मला फार राग आला. आमच्या घरातल्या गोष्टीत यांनी का पडावं? आणि शास्त्राच्या बोलण्यात मधेच लग्न कुठून आणलं?

शनिवार, २४ मे

सत्यशीला आज क्वार्टरवर गेली न्हाई. पडून आहे, डोकं दुखतं म्हणाली. मीच गेलो, कालचा राग मनात नको म्हणून. साहेब ड्यूटीवर होते. मिलकाबाईंनी खुर्ची दिली. मी बसलो आणि उद्याच्या उपदेशाचं सांगत सुटलो. पहिला भाग सांगितला, दुसरा सांगितला. बाई ऐकत होत्या. मधेमधे माझ्याकडे बघत होत्या, मंग स्वयंपाकघराकडे. मी तिसरा भाग सांगितला. तासभर झाला असेल. मंग माझं लक्ष गेलं. ओट्यावर पातेल्यात पाणी होतं, पत्ती होती, बाजूला काडेपेटी. स्टोव्ह थंड. सकाळपासून बाईंच्या पोटात घोटभर चहा न्हवता. आणि तोंड उघडून त्या सांगू शकत न्हवत्या. सांगायचंच नसतं त्यांच्यात.

उठून स्टोव्ह पेटवला. दोन काड्या विझल्या. बाई म्हणाल्या, "सत्यशीलाला सांगायला लागत नाही हो. तिचं लक्ष असतं."

तासभर! समोर बसून! लाजेने मेलो.

घरी आलो तर सत्यशीला भिंतीकडे तोंड करून पडली होती. बोट भिंतीवर वाजत होतं. कट्ट, कट्टकट्ट, स्टेशनातल्या तारेच्या यंत्रासारखं. मी दारात उभा राहिलो. काय म्हणत असेल, काय माहीत. बरंच काही म्हणत होती. मी रागावलो न्हाई.

उपदेश पाठ आहे. झोपही येत न्हाई आणि प्रार्थनाही सुचत न्हाई.

रविवार, २५ मे

काय झालं ते क्रमाने लिहितो. डोकं ठिकाणावर न्हाई, पण क्रमाने लिहितो.

कमिटीचे तिघं पहिल्या बाकावर बसले होते. मधे अण्णासाहेब, पांढरं धोतर, कोट. सत्यशीला तिसऱ्या बाकावर, आई शेजारी. बाहेर लिंबाखाली झिराडकर साहेब उभे होते. आत येत न्हाईत, पण ऐकायला आल्ते.

गीत झालं, प्रार्थना झाली. मंग तिसरा पुकार. धर्मराजचं नाव वाचलं, सत्यशीलाचं वाचलं. "या लग्नाला कुणाची हरकत असेल तर उभं राहून सांगावं." थांबलो. थांबायचंच असतं, मनात दहा मोजायचे. मोजत होतो. हाताशी शास्त्र होतं, उपदेशासाठी पहिला अध्याय आधीच काढलेला. तिथं तो खाकी लखोटा. वर तिचं नाव टाइप केलेलं, 'कु. सत्यशीला कडूबा पाटोळे'. पंधरा दिवस रोज बघत होतो, पण नाव आज वाचलं. आठवर आलो असेन.

सगळ्या मंडळीला विचारलं मी. तीन रविवार. दारातल्या लंगड्या भिकाऱ्यालाही विचारलं, तो पण त्यात आला. आणि मला ते पातेलं दिसलं, थंड स्टोव्हशेजारचं.

तोंडातून निघून गेलं, "सत्यशीला, तुझी हाये का गं हरकत?"

चर्चमध्ये असं कुणी विचारत न्हाई. मागं कुणीतरी हसलं. अण्णासाहेबांनी मान वर केली.

ती उठली. मला वाटलं रडेल. रडली न्हाई.

"आता इचारून राह्यलेत बाबा? तिसऱ्या रविवारी?"

मी शास्त्रातून लखोटा काढून हातात धरला. 

"हाये," ती म्हणाली. "माझी हरकत हाये. धर्मराज वाईट हायेत असं न्हाई. मला तारेची नोकरी करायचीये. येते मला. झिराडकर काकांनी शिकवलीये. परीक्षेचा निकाल यायचाय."

मी पुलपिटावरून उतरलो, तिच्यापाशी गेलो आणि लखोटा तिच्या हातात दिला. त्यावर पोचल्याचा शिक्का, दहा मेचा. तिने शिक्का बघितला, मंग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी इथं लिहू शकत न्हाई. तिथंच फोडला. पास झाली होती. नागपूरला दोन जूनला हजर व्हायचं. ट्रेनिंग.

अण्णासाहेब उठून उभे राहिले. वाटलं निघून जातील, पण माणूस मोठा, पुन्हा बसले. म्हणाले, "मास्तर, उपदेश करा."

केला. पाठ केलेलं एक अक्षर आठवलं न्हाई. बोर्डिंगातली गोष्ट सांगितली, देव एकटा न्हवता ती. ती माझ्या तोंडात असतेच. मंग म्हटलं, "बाप पुत्राशी बोलला असं मी मानतो. मरेपर्यंत मानीन. पण आमच्या गावच्या एका भल्या माणसाने सांगितलंय, की त्या दिवशी त्याने हाताखालच्यांना बी विचारलं. तेही खरं असेल तर माझं काही अडत न्हाई. दोन्ही कसं खरं असेल, ते मला ठाऊक न्हाई. मला काहीच ठाऊक न्हाई." आणि आमेन म्हणून बसलो. साडेसहा मिनिटं. लोकांना पाऊण तासाची सवय.

मंगळवार, २७ मे

अण्णासाहेबांची चिठ्ठी आली. अक्षर सुंदर आहे. लग्न मोडल्याबद्दल दोष देत न्हाईत, मुलाला उद्या दहा स्थळं येतील, पण मुलीचं मन आधी बघायला हवं होतं, दोन्ही घरांची शोभा झाली असं लिहिलं आहे. बरोबरच आहे. दीक्षेबद्दल: "उपदेशात शिकवण स्पष्ट नाही. कमिटी पुढे विचार करेल." म्हणजे न्हाईच.

जांभळी साडी परत पाठवली.

सतरा वर्षं. रडलो, शाळेच्या मागं जाऊन. लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगणार न्हाई.

सत्यशीला माझ्याशी बोलते, पण मोजकं. तिच्या जागी मी असतो तर तेवढंही बोललो नसतो.

रविवार, १ जून

सकाळच्या गाडीने गेली. मिलकाबाई रेल्वेच्या पासावर नागपूरपर्यंत सोबत गेल्या. मनमाडला गाडी बदलायची. झिराडकर साहेब हिरवी झेंडी घेऊन उभे. सत्यशीलाने खिडकीच्या लोखंडी चौकटीवर बोट वाजवलं. साहेब हसले आणि डोळे पुसले.

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"तुम्हाला म्हणाली. सांगू का?"

"सांगा की!"

"बाबांच्या चष्म्याची दांडी सैल झालीये, दुरुस्त करून घ्या म्हणावं."

गाडी गेली. बराच वेळ बाकावर बसलो. साहेबही बसले. म्हणाले, "मास्तर, अजून एक उत्तर आहे त्या ओळीचं. सांगू?" मी दोन्ही हात जोडले.

घरी आलो. घर अगदी रिकामं. सत्यशीलाच्या आईने चहा केला. बावीस वर्षं झाली लग्नाला. एवढ्या गोंधळात तिने मला ना दोष दिला, ना शाबासकी. पेला हातात घेतला आणि म्हटलं, "चतुराबाई, मी केलं ते चूक झालं का बरोबर? पाळकपण गेलं, चांगलं स्थळ गेलं, पोर परमुलखात गेली. तुला काय वाटतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मंग स्टोव्ह बारीक केला, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर पाटावर येऊन बसली. एरवी मी चहा पिताना ती बसत न्हाई.

"मला इचारून राह्यलेत?"

"हो."

"थांबा मंग," म्हणाली. "मला इचार करू द्या."

चहा पिऊन झाला. ती अजून विचार करते आहे. मी वही उघडून समोर बसलो आहे, उठत न्हाई.